दुरुस्त करून परत

१२ जानेवारी

लेखकराव,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, वापरून जुने झाले असतील तर धुऊन घे.

गुरुवारचं कात्रण तपासून सोबत ठेवलंय. लाल खुणा एकूण तीन. सहा वर्षांपूर्वी तुझं सदर सुरू झालं तेव्हा एकेका कात्रणात तीस-तीस निघायच्या आणि माझा अख्खा दिवस कारणी लागायचा. छापखान्यात अडतीस वर्षं लोकांच्या चुका काढून पोट भरलं. निवृत्तीनंतर तेवढा एक तुझा आधार होता, तोही तू काढून घ्यायला निघालास. मामाच्या पोटावर पाय देणारा भाचा म्हणून तुझं नाव होणार बघ.

तुमच्या इमारतीतली ती बोलकी लिफ्ट वाचून तुझी मामी इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. 'दारापासून दूर उभे राहा' म्हणायचं आणि मग दार उघडायचंच नाही, हा स्वभाव तिच्या मते आमच्या घरातही एकाचा आहे. कुणाचा ते तिने सांगितलं नाही.

पण एक विचारू? पूर्वी तुझ्या सदरात तू असायचास. धांदरट, चिडका, दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून शेवटी त्याच्याकडूनच नको ती वस्तू घेऊन येणारा. गेले तीन-चार महिने तिथे कुणी शहाणा माणूस राहायला आलाय. बोलतो छान, पण त्याची चप्पल कधी तुटत नाही. कोण रे हा?

मी हल्ली मालिका बघतो ते खाली लिहून येतं त्यासाठी. परवा नायिका ओक्साबोक्शी रडत होती आणि खाली आलं, 'दुःखी संगीत'. बरं झालं सांगितलं, नाहीतर मी नाचायला उठणार होतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन. तोवर डाव्यावर भागवतोय.

आणि फोन कर, फोन कर असा हट्ट पुन्हा धरू नकोस. फोनवर बोललेलं तपासता येत नाही.

मामा

२० जानेवारी

मामा,

तो शहाणा माणूस म्हणजे वय, दुसरं कोण असणार! छत्तीस पूर्ण झाली. आता चपला महागातल्या घेतो, तुटत नाहीत.

इथे सगळं यंत्रांच्या मर्जीने चाललंय. आमचं कपडे धुवायचं यंत्र आता मला मोबाईलवर निरोप पाठवतं, 'तुमचे कपडे तुमची वाट बघत आहेत.' बायको म्हणते, तिने हेच दहा वर्षं तोंडाने सांगितलं तेव्हा ऐकू आलं नाही. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात हिशेबाला माणसं उरली नाहीत, आपणच सामान काचेसमोर धरायचं. मी एक साबण धरला तर यंत्र सगळ्यांसमोर ओरडलं, 'पिशवीत अनोळखी वस्तू आहे!' माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई दोन पावलं सरकल्या. साबणाने माझी एवढी बेअब्रू कधी केली नव्हती. दाताच्या डॉक्टरकडून दाढ काढून रिक्षात बसतो न बसतो तोच फोनवर प्रश्न, 'अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.' तोंडात बोळा होता म्हणून वाचले.

आमच्या संपादकबाईंना मात्र आता हे पुरत नाही. म्हणतात, पडद्यावरचं आणि मोबाईलमधलं झालं, थोडं घरचं येऊ दे, वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक दर रविवारी रडतात, त्याचा हा परिणाम. तर या गुरुवारी, आपण लिहिलेले शब्द परस्पर बदलणाऱ्या फोनबद्दल लिहितोय. त्यात तू येणार आहेस! आईचं एक पत्र तू लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवलं होतंस ना? मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आईने पाकीट फोडलं, कागद बघितले, हसली आणि म्हणाली, 'घ्या, तुझ्या मामाने माझा पेपर तपासून पाठवलाय.' मला तेवढंच आठवतं, पण मजा येईल. तुझं उत्तर येईपर्यंत अंक छापून झालेला असेल, तेव्हा परवानगी धरून चालतो.

तुझा भाचा

२ फेब्रुवारी

बाळा,

या वेळी कात्रण सोबत नाही. ते आता माझ्याकडेच राहणार.

लाल पेन्सिल घेऊन नेहमीसारखा बसलो होतो. फोनच्या गमतीजमती झाल्या, माझ्या पेन्सिलीची थट्टा झाली, ती मी गोड मानून घेतली. मग शेवटचा परिच्छेद आला. 'आईने ते लाल खुणांचं पत्र शेवटपर्यंत उशाखाली जपलं. ती म्हणायची, माझ्या चुका इतक्या मायेने दुसऱ्या कुणी काढल्या नाहीत.' मी पेन्सिल खाली ठेवली. एकही खूण केली नाही. तुझी मामी स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, 'काय झालं, छातीत दुखतंय का?' मी कात्रण तिच्या हातात दिलं.

तुला ठाऊक नाही, कारण ताईने तुला सांगितलं नसणार आणि माझी सांगायची छाती नव्हती. ते पत्र साधं नव्हतं रे. तुझे बाबा गेले, आम्ही सगळे येऊन राहून परत आलो, आणि दोन आठवड्यांनी ताईने मला चार पानं लिहिली. बाबांचे जोडे अजून दारात आहेत, सकाळी दोन कप भरले जातात, तू कॉलेजला गेलास की भिंती अंगावर येतात, असं सगळं. ताई मला असं कधी बोलली नव्हती. आमच्या घरात रडायचं खातं माझ्याकडे आणि डोळे पुसायचं तिच्याकडे. मी उत्तर लिहायला बसलो. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले, 'प्रिय ताई'च्या पुढे हात जाईना. मग हाताने त्याला येत होतं ते केलं. तिचंच पत्र पुढ्यात ओढलं आणि तपासलं. वाटलं, तिला हसू येईल. मनातलं खरं सांगू? काहीतरी पाठवून सुटायचं होतं.

त्यानंतर सतरा वर्षं ताई माझ्याशी लग्नाकार्यात 'बरा आहेस ना' एवढंच बोलली. ती आजारी पडल्याचं तू कळवलंस तेव्हा मी म्हटलं, तिने बोलावलं की निघतो. बोलावणं आलं नाही, मी निघालो नाही. आलो तो ती गेल्यावर. गेलं दीड वर्ष मी हे घेऊन जेवतो आणि हे घेऊन झोपतो.

आणि तू एका गुरुवारी लिहिलंस की ते तिने उशाखाली ठेवलं होतं.

ते पत्र मला पाठव. एकदा बघू दे, परत करीन. तुझ्याकडेच असणार.

मामा

११ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, इकडे कामाचा नुसता धबडगा आहे. लिफ्ट बंद पडली, सात मजले चढउतार करतोय. आता ती दारही उघडत नाही आणि बोलतही नाही, रुसलेल्या पाहुण्यासारखी मधल्या मजल्यावर उभी आहे. एका प्रसिद्ध नटाला नव्या चित्रपटात संगणकाने पंचवीस वर्षांचा केलाय. चेहरा पोराचा आणि जिना चढताना गुडघा धरतो म्हाताऱ्यासारखा. थिएटरमध्ये लोक हसले, मला त्याची कीव आली.

पत्राचं म्हणशील तर आई गेल्यावर आम्ही घर बदललं, तेव्हा सामानाची पार सरमिसळ झाली. खोकी माळ्यावर आहेत. बघतो, सापडलं की पाठवतो. लगेच सापडेल असं नाही हं. आणि मामा, सदर म्हणजे शेवटी सदर असतं, त्यात थोडा मीठमसाला टाकावाच लागतो. शब्दन् शब्द धरून बसू नकोस.

डोळ्याची काळजी घे. मामीला नमस्कार.

तुझा भाचा

१७ फेब्रुवारी

बाळा,

मीठमसाल्याचं मला सांगतोस? उशाखाली नसेल तर गादीखाली असेल, कपाटात असेल, जागेचं काय एवढं! तिने म्हटलेलं वाक्य तर जागचं हलत नाही ना?

तुझ्या माळ्यावर तू काही चढणार नाहीस, मला माहीत आहे. लहानपणी पोटमाळ्यावरून चेंडू काढायलासुद्धा तू मला बोलवायचास. म्हणून ठरवलंय, मीच येतो. पंचवीस तारखेला सकाळी पोचेन. खोकी मिळून उघडू. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललंय. डॉक्टर वैतागले, म्हणाले, बुबुळामागे दगड झालाय, आणखी किती थांबणार! मी म्हटलं, डोळ्यावर पट्टी बसायच्या आधी मला चार पानं वाचायची आहेत. तुझी मामी माझ्याशी बोलत नाहीये, पण पिशवी तिनेच भरलीय.

कात्रण काचेत बसवून घड्याळाखाली लावलंय. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं वाचून झालं. फार दिवसांनी जेवताना चव लागते बघ.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा,

येऊ नकोस. आधी हे पूर्ण वाच.

तो परिच्छेद मी लिहिलेला नाही. ते अख्खं सदरच मी लिहिलेलं नाही. गेल्या ऑक्टोबरपासून माझं सदर एआय लिहितं. मी चार ओळी टाकतो, की फोन शब्द बदलतो, मामा प्रूफं तपासायचा, आईचं पत्र एकदा तपासून पाठवलं होतं, विनोदी लिही, शेवटी डोळ्यांत पाणी आण. चहा निवायच्या आत सदर तयार. उशाखालचं पत्र त्याने बनवलं. आईचं वाक्य त्यानेच बनवलं. आई असं काही बोलली नाही. बोलली असेल तर माझ्यासमोर नाही. मी वाचलं, छान जमलंय म्हटलं आणि पाठवून दिलं. स्वतःच्या आईच्या तोंडी घातलेलं वाक्य वाचलं आणि मला एवढंच वाटलं, की छान जमलंय!

तू विचारलं होतंस ना, तो शहाणा माणूस कोण? तोच हा. तू जानेवारीतच ओळखलंस आणि मी वयावर ढकललं.

आई गेल्यापासून मला लिहिताच येईना. लिफ्टवर लिहायला बसलो तरी आईच्या वॉर्डात नेणारी लिफ्ट आठवायची. सदर सुटलं तर मी कोण उरतो, ही भीती. म्हणून लपवलं. पण अकरा तारखेला तुला जे लिहिलं त्याला कसलंच कारण नाही. माळ्यावर खोकी शोधतो म्हणालो आणि मी माळ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तुझं दोन तारखेचं पत्र वाचल्यावर खरं बोलायला एवढीशी हिंमत लागत होती, ती झाली नाही. बायको रोज सकाळी विचारते, मामांना लिहिलंस? मी म्हणतो, आज लिहितो.

आता खरं जे आठवतं ते सांगतो. तुझं कात्रणांचं पाकीट आलं की आई ते उपडं करून माझ्या टेबलावर ठेवायची, तुझं अक्षर वर दिसू नये म्हणून. दर वेळी. आणि ती आजारी असताना तू फोनवर म्हणालास, 'ती माझं नाव काढते का, विचारून सांग.' मी विचारलंच नाही. तिला त्रास होईल म्हटलं. खरं म्हणजे मला भांडणाच्या मध्ये पडायचं नव्हतं. तू बोलावण्याची वाट बघतोयस हे तिला शेवटपर्यंत माहीतच नव्हतं.

ते कात्रण भिंतीवरून काढ. डोळ्याचं ऑपरेशन आहे त्या तारखेला करून घे, माझ्यासाठी आणखी काही लांबवू नकोस. तुला तोंड दाखवायला मला

तुझा भाचा

८ मार्च

मामा,

तुझं पाकीट काल मिळालं. आत माझंच पत्र. सतरा लाल खुणा, आणि तुझ्याकडून एक ओळसुद्धा नाही.

खरं सांगतो, मला इतका संताप आला की दोन तास खोलीत फेऱ्या घातल्या. मी तिकडे काळीज काढून ठेवलं आणि हा माणूस अनुस्वार मोजत बसला! माझं शेवटचं वाक्य तुटलं होतं, मला पुढचं लिहवलं नव्हतं, तिथे समासात तुझी सुबक अक्षरं, 'वाक्य अपूर्ण'. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, 'त्यांना काय लिहावं सुचलं नसेल रे.' मी म्हटलं, सुचलं नाही म्हणून असं करतात? आणि म्हणता म्हणता तुझं जुनं पत्र शोधायला उठलो. कारण हे सगळं तू मला दोन तारखेच्या पत्रात आधीच लिहिलं होतंस. चार दिवस हात पुढे जाईना, मग हाताला येत होतं ते केलं. मी ते वाचलं होतं, पण मला ते कळलं काल, पाकीट हातात धरून.

मग शिडी आणली आणि माळ्यावर चढलो. आईला हे पाकीट उघडल्यावर काय झालं असेल ते मला बघायचं होतं. ती हसली होती असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता वाटतं, मी समोर उभा होतो म्हणून हसली असेल.

तिसऱ्या खोक्यात, विजेच्या जुन्या बिलांच्या आणि माझ्या शाळेच्या दाखल्यांच्या खाली सापडलं. उशाखाली नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो. एका पाकिटात दोन पत्रं आहेत. एक तेच, चार पानी, तुझ्या लाल खुणांचं. एका जागी तिने लिहिलंय, 'आता या घरात मी एकटी', आणि बाजूला तुझं लाल, 'क्रियापद?'

दुसरं त्याचीच नक्कल आहे. आईच्याच अक्षरात, स्वच्छ, रेघा मारलेल्या कागदावर. तू केलेली प्रत्येक दुरुस्ती तिने त्यात घेतलीय. एकही सोडलेली नाही, मी दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघितली. त्या जागी आता आहे, 'आता या घरात मी एकटी आहे.' आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या खाली, पहिल्या पत्रात नव्हती अशी एक ओळ. 'धाकट्या, तू दाखवलेल्या सगळ्या चुका सुधारल्या आहेत. आता उत्तर दे.'

पाकिटावर तुझा पत्ता आहे, तिकीट लावलेलं आहे, टपालाचा शिक्का नाही. का टाकलं नाही मला माहीत नाही. रागाने ठेवून दिलं, की विसरली, की टाकायला म्हणून निघाली आणि परत आली, मला माहीत नाही. या वेळी माहीत असल्यासारखं मी काही लिहिणार नाही. याने तुला बरं वाटेल की आणखी वाईट, तेही कळत नाही. पण हे तुझं आहे. तिकीट आईनेच लावलंय, मी फक्त वरून दुसरं पाकीट घातलंय.

संपादकबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, येत्या गुरुवारी हे वाचकांना सांग, आणि सांगायचं ते स्वतःच्या हाताने. तसं केलंय. अंक सोबत आहे. त्यानंतर सदर ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार.

मामा, माझं अर्धं वाक्य पूर्ण करतो. तुला तोंड दाखवायला मला लाज वाटते. तरी बोलावलंस तर येईन. आणि बोलावण्याची वाट बघत बसणार नाही, हेही लिहून ठेवतो.

तुझा भाचा

२१ मार्च

लेखकराव,

तुझं गुरुवारचं सदर वाचलं. सव्वीस चुका. दुसऱ्या परिच्छेदात तू स्वतःवर चिडतोस, तिसऱ्यात यंत्रावर चिडतोस आणि चौथ्यात कुणावर चिडायचं ते विसरून कपडे धुवायच्या यंत्राचं सांगत बसतोस. धांदरटपणा ओळखीचा वाटला. वाचून तुझी मामी म्हणाली, 'आला वाटतं पोरगा घरी.' खुणा मी केल्या नाहीत, नुसत्या मोजल्या. एवढी सवय जायला वेळ लागेल.

तुझ्या पत्रावर केल्या, त्याबद्दल मी सबब सांगत नाही. पाकिटात घातलं, पेटीत टाकलं, आणि घरी येऊन जोडे काढताना डोक्यात प्रकाश पडला की हे आपण पुन्हा केलं. सत्तरीला आलेला माणूस, एकदा बहीण घालवली, तरी तेच. परत पेटीपाशी गेलो. टपालवाला पिशवी घेऊन गेलेला होता. चुकलं रे माझं, बाळा.

तुझ्यावर रागावलो का? हो. दोन दिवस इतका की कात्रण काढताना काच फुटली. मग मामी म्हणाली, 'त्याने खोटी माफी छापली, तुम्ही खरी कधी मागितलीत का?' तिला असली वाक्यं कुठून सुचतात देव जाणे. तू विचारलं नाहीस, मी आलो नाही, दोघांनी मिळून ताईला एकटं पाडलं. यात तुझा वाटा किती आणि माझा किती, ते आता मोजायचं नाही. तू मुलगा होतास, तिच्या उशाशी होतास. माझा वाटा मोठा आहे.

ताईचं पत्र वाचलं. डाव्या डोळ्याने, दोन दिवस लागले. उत्तर सोबत ठेवतोय. ते तू वाचलंस तरी चालेल. वाचून झालं की तिच्या पत्राबरोबर त्याच खोक्यात ठेव, दोन्ही एका पाकिटात. तिचं पत्रही परत पाठवतोय, त्यावर पेन्सिल लावलेली नाही.

ऑपरेशन परवा आहे. पुढचे पंधरा दिवस वाचायला बंदी. तेव्हा ये. शेजारी बसून तुझं सदर मला मोठ्याने वाचून दाखव. तुझे उच्चार वाईट आहेत, पण ते मला तपासता येणार नाहीत.

मामा

*

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोचायला फार वेळ लागला. त्यात टपालखात्याची चूक नाही.

तू लिहिलंस की या घरात तू एकटी आहेस. मी तेव्हाच उठून पहिली गाडी धरायला हवी होती. मी टेबलाशी बसलो. तू रडत होतीस आणि मी काना-मात्रा बघत होतो. मला भीती वाटली ग. मी पडलो की तू माझा गुडघा धुवायचीस, शाळेत मार खाल्ला की तू मास्तरांच्या घरी भांडायला जायचीस. तू रडायला लागल्यावर काय करायचं असतं ते मला येत नव्हतं. येत नाही एवढं तरी लिहायचं. तेवढं लिहिलं असतं तरी तुला पुरलं असतं, मला माहीत आहे.

तू आजारी पडलीस आणि मी बोलावण्याची वाट बघत राहिलो. बोलावणं तू कधीच लिहून ठेवलं होतंस. तिकीटसुद्धा लावून.

दोन कप भरत होतीस ना सकाळी? मी येऊन दुसरा प्यायचा होता. एवढंच काम होतं माझं.

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. पहिल्यातही नव्हती.

हे पत्र मी परत वाचून बघणार नाही. वाचलं तर पाठवायचं राहून जाईल.

धाकटा